निळ्या वर्तुळाबाहेर

खिडकीशी धरलेली काच तिनं आधी उलटी केली, मग सुलटी केली, मग पुन्हा उलटी केली, आणि तरीही जे दिसत होतं तेच दिसत राहिलं. तसं काम अगदीच फुटकळ होतं. दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतल्या जुन्या काचांच्या पेटीतून कुठल्याही दहा जोड्या काढायच्या, मॅडमनी खूण केलेली काच आणि आपण खरवडलेली काच शेजारीशेजारी धरायची, आणि वहीत ‘बरोबर’ असं लिहायचं. बावीस वर्षांत त्या रकान्यात तिनं दुसरा शब्द लिहिला नव्हता. आजही सहा वेळा ‘बरोबर’ लिहून झालं होतं. सातवी जोडी उचलली आणि झालं. मेंदूतल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचांवर घ्यायचे, त्यातल्या एका कापाला रंग द्यायचा. पॅथॉलॉजिस्ट मॅडम ती रंगीत काच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि गाठीच्या पेशी जिथं दाटीनं बसल्यात तिथं निळ्या पेननं वर्तुळ काढतात. मग रंगीत काच खाली, बिनरंगाची वर, आणि वर्तुळाच्या आतलं तेवढंच पात्यानं खरवडून नळीत घ्यायचं. पोरासोरांनाही जमेल असं काम. इथं काचेवर दोन तुकडे होते, सोललेल्या शेंगदाण्याच्या दोन पाकळ्यांसारखे, जवळजवळ एका मापाचे. निळं वर्तुळ डाव्या पाकळीभोवती होतं. खरवडलेली होती ती उजवी. डावी पाकळी आपल्या जागी शाबूत होती, आरशावर वाफ धरावी तशी पांढुरकी. काचेचं एक टोक दुधी असतं, त्यावर पेन्सिलीनं नंबर लिहिलेला असतो. तो नंबर वाचायची तिला गरज नव्हती. तो तिला पाठ होता. तिच्या आईचा होता.

तिनं पहिली गोष्ट काय केली, तर मागं वळून कुणी बघतंय का ते बघितलं. त्याची तिला नंतर फार लाज वाटली, पण केलं ते केलं. शेजारच्या टेबलावर काका, म्हणजे तिच्याच वयाचा तिचा सहकारी, ज्याला टक्कल लवकर पडल्यामुळे सगळे काका म्हणत, तो यंत्राच्या पडद्यात डोकं खुपसून बसला होता. मॅडमच्या खोलीचं दार बंद होतं. पंखा फिरत होता, शीतपेटी घरघरत होती, कुणालाच काही झालं नव्हतं. एवढ्या निवांतपणाचाच तिला धसका बसला. तिनं वहीकडे पाहिलं. सातव्या ओळीत तिचं पेन टेकलेलं होतं आणि शाईचा एक ठिपका मोठा मोठा होत चालला होता. ‘ब’ लिहायला कितीसा वेळ लागतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. पेटीत साडेचारशे काचा आहेत, दहा काढायच्या, कुठल्याही काढायच्या, ही न काढता शेजारची काढली असती तर आपल्याला कळलंही नसतं, असं तिच्या मनात आलं. मग तिला कळलं की आपण देवाशी नव्हे, दैवाशी नव्हे, एका लाकडी पेटीशी घासाघीस करतोय. तिनं दोन्ही काचा एका डबीत घातल्या, डबी ॲप्रनच्या खिशात टाकली, पेन मिटलं आणि काकाला म्हणाली, “डोकं चढलंय. जाते मी.” “जा की,” काका पडद्यातूनच म्हणाला. “आई कशी आहे?” “बरी आहे,” ती म्हणाली.

चालत निघाली ती. खिशातली डबी पावलागणिक मांडीवर आपटत होती. सात आठवड्यांपूर्वीची ती सकाळ तिला काही केल्या नीट आठवेना, आणि आठवत नव्हती म्हणूनच ती आणखी घाबरी झाली. नियम साधा होता: आपल्या घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही. मॅडम स्वतः येऊन सांगून गेल्या होत्या, “तुझ्या आईचं काम काका करेल हं. तू लांब राहायचंस.” ती ‘हो’ म्हणाली होती. आणि रात्रभर अंथरुणात वळवळत राहिली होती. काका वाईट कारागीर नव्हता, पण घाईचा होता. काम करता करता क्रिकेट बोलायचा. खरवडताना वर्तुळाच्या बाहेर जायचा जरासा, आणि “चालतंय गं, एवढं काय!” म्हणायचा. आईच्या डोक्यातला हा एवढासा तुकडा, आणि तो ह्याच्या हातात द्यायचा? सकाळी सातला ती येऊन बसली. काका आला तेव्हा तिनं काचा मांडून ठेवल्या होत्या. तो म्हणाला, “अगं, नियम…” “मला करू दे,” ती म्हणाली. “माझा हात बसलाय. तू फक्त सही कर.” काकानं डोकं खाजवलं, “मी चहा पिऊन येतो,” म्हणाला, आणि गेला. भल्या माणसांनी डोळेझाक केली की काय होतं ते असं होतं. मग ती एकटी राहिली, आणि तिचे हात, ज्यांची तिला एवढी घमेंड होती ते हात, काचांकडे जाईनात. तिनं ते मांडीखाली दाबून धरले. शंभरपर्यंत आकडे मोजले. बघायचं नाही असं ठरवूनही रंगीत काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली, आणि त्या जांभळ्या गर्दीकडे, एकमेकींना रेटत, फाटत, पुन्हा दुणावत चाललेल्या त्या पेशींकडे बघून तिला उमाळा आला: हे आईत आहे. ह्यांना आईचंच रक्त पुरतंय, आईचंच खाऊन आईवर उठल्यात. डोळे भरले. चष्मा काढला, पुसला, काच पुन्हा टेबलावर ठेवली. ठेवताना दुधी टोक उजवीकडे आलं, आणि वर्तुळ उजव्या पाकळीखाली गेलं. एवढंच. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी काय सांगायची? “दुधी टोक डावीकडे. जेवण विसरा, लग्न विसरा, हे विसरू नका.” त्यावर पोरी हसायच्या.

आणि त्या खरवडलेल्या चिमूटभरातून पुढे काय शोधायचं, तर एक कुलूप. आपल्या पेशींत डागडुजी करणारं एक प्रथिन असतं. डीएनएवर कुठं ओरखडा उठला की ते येऊन तो बुजवतं. भल्याबुऱ्याची त्याला पारख नाही. गाठीवर ज्या गोळ्या देतात त्या गाठीच्या डीएनएवर ओरखडेच काढतात. पण हा डागडुजीवाला तिथं हजर असला, तर गोळीनं दिवसा फोडलेलं रात्री सांधून मोकळा होतो. मग गोळ्या फुकट. काही गाठींत मात्र ह्या डागडुजीवाल्याच्या जनुकावर बारीक बारीक रासायनिक टिकल्या चिकटून बसतात आणि जनुक बंद पडतं, कुलूप लागल्यासारखं. तिथं गोळी लागू पडते. सगळ्यांना नाही, कायमची नाही, पण काही जणांच्या महिन्यांची वर्षं होतात. चांगल्या मेंदूत हे कुलूप नसतं. ते असायचं तर फक्त गाठीत. म्हणून वर्तुळाच्या आत खरवडायचं. म्हणून वर्तुळ. वर्तुळाबाहेरची ती उजवी पाकळी म्हणजे गाठीच्या कडेचा बराचसा धडधाकट मेंदू. त्यातल्या जनुकाला कुलूप आहे का म्हणून विचारलं तर तो ‘नाही’ असंच म्हणणार. तसं तो म्हणालाच. अहवालावर काकाची सही होती, खाली मॅडमची सही होती. कुलूप नाही.

औषधवाले डॉक्टर सरळ बोलणारे होते. गोल गोल बोलणं त्यांना जमत नसे. “वय चौऱ्याहत्तर,” ते म्हणाले होते, “तब्येत तोळामासा. कुलूप असतं तर गोळ्यांचा विचार केला असता. नाही, तर उगाच उलट्या आणि रक्त उतरणं कशाला? तीन आठवडे किरणांचा शेक देऊ. मग घरी, शांतपणे.” ‘शांतपणे’ हा शब्द त्यांनी टेबलावर पेपरवेट ठेवावा तसा ठेवला. डागडुजीवाल्याचं त्यांनी आधीच समजावलं होतं, आणि आई खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. ऑपरेशनच्या टाक्यांवर रुमाल बांधलेला, उजवा हात मांडीवर पडलेला. तिनं विचारलं, “म्हणजे चोराच्या घरी गवंडी कामाला आहे, असंच ना?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही भिंत पाडणार आणि तो पुन्हा बांधणार.” “अगदी बरोबर, आजी.” “मग नको,” आई म्हणाली. “मेल्याला फुकट मजुरी कशाला?” घरी येताना रिकाम्या लिफ्टमध्ये ती रडली तेव्हा आईनंच डाव्या हातानं तिच्या पाठीवर थापटलं. त्या दिवसापासून आई बदलली, हे तिला आता, रस्ता ओलांडता ओलांडता लक्षात आलं. ऑपरेशनच्या आधी ती रात्री दचकून उठायची, उगाच भांडायची. डॉक्टरांनी ‘नाही’ म्हटलं आणि ती निवळली. कपाट आवरलं. कोणती चादर कुणाला, कोणती वाटी कुणाला, सगळं सांगून टाकलं. तीन आठवडे शेक घेऊन आली, केस गेले तर म्हणाली, “बरं झालं, शांपूची बाटली वाचली.” ह्या सगळ्या निवांतपणाखाली आपण टाकलेली एक उलटी काच होती, आणि आई तिच्यावर पाठ टेकून स्वस्थ बसली होती.

कुलुपात किल्ली घालायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. “आलीस? लवकर?” “हं.” “मग ते… ते लाव ना.” आईनं बोट दाखवलं. “ते गं, गोल गोल.” तिनं पंखा लावला. आईचे शब्द असे गळत होते, ओल्या भिंतीचा गिलावा गळावा तसे. कधी पंखा, कधी चमचा, परवा तर तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि नावच सापडलं नाही, तेव्हा आई बराच वेळ तिच्याकडे बघून शेवटी “माझी ती” असं म्हणाली होती. हे तिकडे, डाव्या पाकळीतून चाललंय, असं तिला आता वाटलं. सात आठवडे आत उरलेली गाठ कुणीही न अडवता दुणावतेय. शेकानं थोडी थोपली असेल, पण शेक संपल्यालाही दोन आठवडे झाले. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास दिवस, ती हिशेब करायला लागली आणि थांबली. चहा केला. आईच्या हातात पेला दिला, धरून ठेवला. सांगायचं, आत्ता सांगायचं, पहिला घोट झाला की सांगायचं, पेला ठेवला की. पेला रिकामा झाला. “डोळे का असे तुझे?” आईनं विचारलं. “कुठं काय?” ती म्हणाली आणि पेला विसळायला गेली. नळ सोडून ती तशीच उभी राहिली. भीती ही कुठं असते? लोक म्हणतात छातीत, म्हणतात पोटात. तिला ती दातांत जाणवत होती, बर्फ चावल्यासारखी.

आई तीस वर्षं लॉन्ड्रीत गल्ल्यामागे उभी होती. धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला आतून नंबराची कापडी चिठ्ठी टाचायची, आणि परत देताना ती बघून द्यायची. “तीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगात गेला नाही,” हे आई असं सांगायची, जसं दुसऱ्या बायका मुलाच्या पदव्या सांगतात. खरं तर एकदा गेला होता. ती नऊ-दहा वर्षांची असेल, शाळा सुटल्यावर लॉन्ड्रीत बसायची, हौसेनं चिठ्ठ्या टाचायची. दोन काळे कोट होते, तिनं अदलाबदल केली. त्या दोन गिऱ्हाइकांतला एक माणूस दुसऱ्याचा कोट घालून कुणाच्या तरी अंत्यविधीला गेला. बाह्या बोटांवर लोंबत होत्या म्हणे. ते कळल्यावर लॉन्ड्रीचा मालक म्हणाला, “जाऊ दे, त्यानं तक्रार केलेली नाही.” आई म्हणाली, “तक्रार केली नाही म्हणून कोट त्याचा होतो का?” संध्याकाळी तिला हाताला धरून आई त्या माणसाच्या घरी घेऊन गेली. चार जिने. दारात तिला पुढं केलं आणि म्हणाली, “सांग.” ती त्या माणसाच्या बुटांकडे बघत म्हणाली, “चिठ्ठी मी चुकवली.” माणूस हसला, गाल कुरवाळला, बिस्किट द्यायला लागला. आईनं बिस्किट घेऊ दिलं नाही. उतरताना दुसऱ्या जिन्यावर आई थांबली आणि म्हणाली, “आता झोप लागेल तुला.” आणि खरंच लागली होती. पण कोट परत करता येतो. इस्त्री करून, कागदात गुंडाळून, चार जिने चढून. एकोणपन्नास दिवस कशात गुंडाळायचे?

त्या रात्री तिला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच. सकाळी साडेआठला तिनं काकाच्या टेबलावर डबी ठेवली. काकानं दोन्ही काचा उजेडात धरल्या, आणि त्याचं तोंड हळूहळू उघडं पडलं. “दुधी टोक…” तो म्हणाला. “हो,” ती म्हणाली. तो खुर्चीत बसला, टकलावरून दोनदा हात फिरवला. “सही माझी आहे,” तो म्हणाला. “मी सांगेन की मी जबरदस्ती…” ती म्हणाली. “गप बस,” काका म्हणाला. “मी चहा प्यायला गेलो होतो, तो काय तू पाजलास? चल.” दोघं मॅडमच्या खोलीत जाऊन शाळेतल्या पोरांसारखे टेबलासमोर उभे राहिले. मॅडमनी काचा सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. मग मान वर केली तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “तू माझी सगळ्यात चांगली तंत्रज्ञ आहेस,” त्या म्हणाल्या. “मला तुझ्यावर नजर ठेवावी असं कधी वाटलंच नाही. ती माझी चूक.” मग चष्मा काढून, कोरड्या आवाजात: “लिहून द्या, दोघांनी. ह्या क्षणापासून तू काचांना हात लावायचा नाहीस. काका, डावी बाजू खरवड. माझ्यासमोर. औषधवाल्या डॉक्टरांना मी आत्ता फोन करते. निकाल परवा.” दारापर्यंत आल्यावर ती वळली आणि विचारलं, “आणि कुलूप निघालं तर?” “तर उशीर झाला पण दार आहे,” मॅडम म्हणाल्या. “नाही निघालं तर पहिला अहवाल नशिबानं खरा ठरला. दोन्हीची तयारी ठेव.”

दोन्हीची तयारी. दोन दिवस ती नुसती फिरत राहिली. प्रयोगशाळेच्या पाठीमागच्या लांब बोळात, जिथं रिकामे खोके रचलेले असतात, तिथं ती चकरा मारायची. आत काका रसायन घालून नळी ठेवून द्यायचा, ते रसायन रात्रभर मुरायचं, टिकली असलेलं डीएनएचं अक्षर जसंच्या तसं राहायचं आणि नसलेलं बदलायचं. मग यंत्र ते अक्षर अक्षर वाचायचं. सगळं तिला तोंडपाठ, आणि ती दाराबाहेर. दुसऱ्या दिवशी दुपारी बोळाच्या टोकाशी जाऊन परत फिरताना तिला ऐकू आलं की आपण पुटपुटतोय. “नसू दे,” ती म्हणत होती. “नसू दे, नसू दे.” ती जागच्या जागी थिजली. काय नसू दे? कुलूप नसू दे. म्हणजे पहिला अहवाल खरा निघू दे. म्हणजे माझ्या हातून काहीच बिघडलेलं नसू दे. म्हणजे गोळ्यांचा उपयोग नसू दे. म्हणजे आई जाऊ दे. जायचीच होती, तशीच जाऊ दे. मी सुटू दे. एका खोक्यावर ती मटकन बसली. तिला वाटत होतं आपण आईच्या जाण्याला भितोय. चाळीस वर्षं भीत आलो, लॉन्ड्रीतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की जिन्यात जाऊन बसायचो तेव्हापासून. आणि आज वेळ आली तर तराजूच्या एका पारड्यात आईची वर्षं आणि दुसऱ्यात आपला निर्दोषपणा, आणि आपलं बोट कुठल्या पारड्यावर? तिनं मुद्दाम म्हणून बघितलं, “असू दे. कुलूप असू दे.” शब्द उमटले, पण ते पाहुण्यांसमोर म्हणायच्या शब्दांसारखे होते. आतून दुसरंच कुणीतरी अजून तेच म्हणत होतं, अगदी बारीक आवाजात, थांबायला तयार नसलेलं. ह्याची कुणी काच काढली, रंग दिला, तर कुठं वर्तुळ काढतील, असं तिला वाटलं आणि तिला स्वतःचा इतका धाक बसला की ती उठून उजेडात, माणसांत, जिन्याजवळच्या गर्दीत जाऊन उभी राहिली. ही एक गोष्ट तिनं पुढं कधीच कुणाला सांगितली नाही.

निकाल काकानं बोळात आणून सांगितला. तो धावत आला होता, श्वास लागला होता. “आहे,” तो म्हणाला. “कुलूप आहे. चांगलं भरभक्कम आहे. अगं आहे!” त्यानं तिचे दोन्ही दंड धरून हलवले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ती हसली, कारण हसायला हवं होतं. पण सगळ्यांत आधी जे आलं ते हसू नव्हतं, आनंदही नव्हता. आधी आलं ते एवढंच, की म्हणजे मीच.

औषधवाल्या डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता फाइल उलटली. आईचं रक्त नेहमीच्या तपासणीत पाहून घेतलं होतं, ते ठीक होतं. “सुरू करू,” ते म्हणाले. “पाच दिवस रोज, मग तेवीस दिवस विश्रांती. उपाशीपोटी. आधी उलटीची गोळी. कॅप्सूल उघडायची नाही, हातमोजे घालून द्यायची. पहिल्यांदा दिलं असतं तर…” इथं ते थांबले, आणि सरळ बोलणाऱ्या त्या माणसानं आयुष्यात बहुधा पहिल्यांदा वाक्य अर्ध्यात गिळलं. “आईंना कुणी सांगायचं? मी सांगू?” “नाही,” ती म्हणाली.

दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. तिनं स्टूल ओढून आईच्या खुर्चीसमोर ठेवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, आणि सांगितलं. पहिल्यापासून. नियम, काका, चहा, चष्मा पुसला ते, काच ठेवली ते. आई तिच्या तोंडाकडे बघत होती. अलीकडे शब्द कळायला तिला ओठ बघावे लागत. मधेच तिनं एकदा हात वर केला, “हळू,” म्हणाली. मग ती हळू सांगत गेली. सांगून झालं तेव्हा खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालूच होत नव्हती.

“कुणाला सांगितलंस?” आईनं विचारलं.

“सगळ्यांना. लिहून दिलंय.”

“हं.” आईनं मान हलवली. मग: “म्हणजे गवंडी… नाहीच?”

“नाही. गोळ्या लागू पडतील. पडू शकतील. आजपासून घ्यायच्या.”

“किती?”

“पाच दिवस, मग…”

“गोळ्या नाही गं,” आई चिडून म्हणाली. “किती… मी किती?”

“माहीत नाही, आई. कुणालाच माहीत नाही. वर्ष. जास्त. कदाचित कमी.”

आईचं तोंड उघडं राहिलं. शब्द शोधताना राहायचं तसं नाही, निराळंच. डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला, रुमालाकडे गेला, परत आला, कुठं ठेवायचा ते त्याला कळेना. तिनं तो धरला. तो बर्फासारखा गार होता.

“मी सगळं आवरलं होतं,” आई म्हणाली. शब्द एकेक करून येत होते, पण न अडखळता. “कपाट. तुझं. माझं. डॉक्टर नाही म्हणाला ना, त्या दिवशी मला… सुटल्यासारखं झालं. वाट बघायची नाही. घाबरायचं नाही. संपलं. आता पुन्हा सकाळी उठून बघायचं का, गोळी लागू पडली की नाही? रोज?” तिनं मुलीचा हात आवळला, उजवा हातही मदतीला आणायचा प्रयत्न केला. “मला भीती वाटतेय. मला फार भीती वाटतेय गं.”

हे वाक्य आईच्या तोंडून तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा नाही, गाठ कळली तेव्हा नाही. एकोणपन्नास दिवसांची भरपाई म्हणून आपण आईला काय आणून दिलं, ते तिच्यासमोर खुर्चीत बसून थरथरत होतं. ती स्टुलावरून खाली सरकली, आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं, आणि तिला ओरडून मागावंसं वाटलं ते तिनं मागितलं.

“आई, मला रागव. काहीतरी बोल. मार हवं तर.”

डोक्यावरून आईची बोटं एकदा, चाचपडत, फिरली.

“रागावेन की,” ती म्हणाली. “आत्ता नको. आत्ता मला भीती वाटतेय. एका वेळी एकच होतं माझ्याच्यानं.”

अर्ध्या तासानं तिनं हातमोजे घातले आणि कॅप्सूल तळहातावर घेऊन आईसमोर धरली. आईनं आधी कॅप्सूलकडे पाहिलं, मग हातमोज्यांकडे, मग तिच्या तोंडाकडे, आणि तोंड उघडलं. गिळायला दोन वेळा पाणी लागलं, आणि त्यातलं बरंचसं दोघींच्या अंगावर सांडलं.